सेमिनोल बाहुली: विकत घेण्यापासून जपून ठेवण्यापर्यंत

फ्लोरिडात राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी एक बाहुली आणली. वीतभर उंच, तपकिरी चेहरा, गळ्यात मण्यांच्या माळा, लाल-पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा घेरदार घागरा. कौतुकाने ती खिडकीतल्या फळीवर ठेवली. दोन वर्षांनी घर बदलताना उचलली, तेव्हा भिंतीकडची बाजू अजून लालभडक होती आणि खिडकीकडची पार विटून गेली होती. उचलली तीही डोक्याला धरून. माळेचा दोरा तुटला आणि मणी खोलीभर सांडले.

हे नुकसान भरून निघालं नाही. पण त्याहून मोठं नुकसान मला नंतर कळलं. ती बाहुली कोणी केली हे मी विचारलंच नव्हतं. आज ते शोधून काढायचा कुठलाही मार्ग माझ्याकडे नाही.

नव्याने फ्लोरिडात आलेली मराठी मंडळी, किंवा मुलांकडे मायामी-टॅम्पाला आलेले आईवडील बऱ्याचदा मला विचारतात की इथली खरी, हाताने केलेली वस्तू कोणती न्यावी. मी सेमिनोल बाहुली सुचवते आणि सोबत खालच्या सगळ्या गोष्टीही सांगते. त्याच इथे क्रमाने लिहिल्या आहेत.

१. आधी ही बाहुली कोणाची, ते समजून घ्या

सेमिनोल हे फ्लोरिडातले मूळनिवासी. अमेरिकी सरकारने त्यांच्याशी तीन युद्धं केली: १८१७-१८, १८३५-४२ आणि १८५५-५८. बहुतेकांना जबरदस्तीने पश्चिमेकडे, आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आलं. जे काही शे लोक गेले नाहीत, ते दक्षिण फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात आत आत सरकत टिकून राहिले. आजचे फ्लोरिडातले सेमिनोल आणि मिकोसुकी हे त्यांचेच वंशज. सेमिनोल ट्राइब ऑफ फ्लोरिडाला १९५७ साली आणि मिकोसुकी ट्राइबला १९६२ साली केंद्र सरकारची मान्यता मिळाली. दोन्हींचं प्रशासन वेगळं आहे. बाहुल्या मात्र दोन्हीकडच्या बायका करतात, म्हणून विकत घेताना 'सेमिनोल' की 'मिकोसुकी' हे विचारून घ्या आणि तसंच लिहून ठेवा. ओक्लाहोमातलं सेमिनोल नेशन हे तिसरं, स्वतंत्र. त्याची यात गल्लत करू नका.

पक्ष्यांची पिसं, मगरींची आणि इतर जनावरांची कातडी विकून या लोकांचा संसार चालत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिसांच्या व्यापारावर बंदी आली, दलदलीचं पाणी कालवे काढून वाहून नेलं गेलं, आणि शिकारीवर पोट चालेनासं झालं. १९२८ साली टॅम्पा आणि मायामी जोडणारा टामियामी ट्रेल हा रस्ता पूर्ण झाला. तो थेट एव्हरग्लेड्समधून जातो. रस्त्यावरून पर्यटक येऊ लागले, तशा बायकांनी आपल्या वस्त्यांपुढे वस्तू मांडल्या. त्यात बाहुल्या होत्या. लहान मुलींसाठी घरात बाहुल्या होतच असत, सुरुवातीच्या काही लाकडात कोरलेल्याही होत्या. पण आज जी बाहुली आपण ओळखतो ती पाल्मेटो या ताडासारख्या झाडाच्या धाग्याची, आणि तिच्यावर या बायकांची घरं चालली. एव्हरग्लेड्स सिटीत १९३३ पासून काम करणाऱ्या डीकनेस हॅरिएट बेडेल या मिशनरी बाईंनी या हस्तकला विकायला मदत केली आणि कामाच्या दर्जाचा आग्रह धरला.

हे सगळं आधी सांगण्याचं कारण एवढंच, की ही बाहुली 'पर्यटकांची वस्तू' म्हणून हलकी समजू नका. ती विकण्यासाठी केली, हे खरं. पण ती करणाऱ्या बाईने तिला आपल्याच आईसारखे, आजीसारखे कपडे घातले. त्या काळातल्या बायका केस कसे बांधत, गळ्यात किती माळा घालत, घागऱ्यावर कोणती नक्षी असे, हे बाहुल्यांवर जसंच्या तसं उतरलं आहे.

२. बाहुली हातात घेऊन ओळखायला शिका

माडाच्या झावळीच्या बुंध्याशी जाळीदार तपकिरी कापडासारखं वेष्टन असतं, कोकणात लहानपण गेलेल्यांनी ते नक्की हाताळलेलं असेल. पाल्मेटो हाही ताडामाडाच्या कुळातला. त्याच्याही बुंध्याशी असंच नैसर्गिक विणीचं जाड वेष्टन मिळतं. बाया ते कापून आणतात, वाळवतात, त्याचं अंग आणि डोकं शिवतात आणि आत कापूस किंवा तोच धागा भरतात. म्हणून बाहुलीचा चेहरा बघा: तो कापडाचा गुळगुळीत नसतो, त्यावर आडवे-तिरपे तंतू स्पष्ट दिसतात. डोळे आणि तोंड रंगवलेलं नसतं, दोऱ्याने टाचलेलं असतं, बहुधा काळ्या, पांढऱ्या आणि लाल.

बाईची बाहुली असेल तर:

– खाली पाय नसतात. घागऱ्याच्या आत पुठ्ठ्याची गोल बैठक असते, तिच्यावर ती उभी राहते.
– हातही बहुतेकदा नसतात. खांद्यावरून खाली येणारा झिरझिरीत किंवा रंगीत 'केप' ती जागा झाकतो.
– डोक्यावर काळ्या रंगाचा रुंद, टोपीच्या कडेसारखा भाग दिसतो. ती टोपी नव्हे, केस आहेत. साधारण १९३० ते १९५०च्या काळात बायका पुठ्ठ्याच्या चौकटीवरून केस फिरवून बसवत, त्याची ती नक्कल.
– गळ्यात काचेच्या बारीक मण्यांच्या माळा असतात, काहींच्या कानातही मणी.

पुरुषाच्या बाहुल्या कमी दिसतात. त्यांना पाय असतात, अंगात पट्ट्यांचा लांब सदरा असतो आणि गळ्याभोवती रुमाल.

आता कपडे. यातच खरं कसब आहे. सेमिनोल पॅचवर्क म्हणजे गोधडीसारखे थर नव्हेत आणि फाटल्या जागी लावलेलं ठिगळही नव्हे. रंगीत कापडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना मशीनवर जोडायच्या, ती जोडलेली पट्टी आडवी किंवा तिरपी कापायची, तुकडे सरकवून पुन्हा जोडायचे, म्हणजे नक्षीची सलग पट्टी तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाताने फिरवायची शिलाई मशीन या वस्त्यांत पोहोचली आणि १९१०च्या दशकाच्या आसपास हे काम रूढ झालं. आग, पाऊस, वीज अशी नक्षींची नावं आहेत. वीतभर बाहुलीच्या घागऱ्यावर हीच नक्षी बोटाच्या पेराएवढ्या रुंदीत बसवलेली असते. घागऱ्याची आतली बाजू बघायला मिळाली तर जरूर बघा, तिथे शिवणीच शिवणी दिसतील. वर छापील पट्टी आणि आत कोरं कापड असेल, तर ते पॅचवर्क नाही.

३. कुठे जायचं

पहिल्यांदा बिग सायप्रस रिझर्व्हेशनवरच्या (रिझर्व्हेशन म्हणजे ट्राइबसाठी राखीव जमीन) आ-ता-थि-की म्युझियममध्ये जा. विकत काही घेऊ नका, नुसतं बघा. हे म्युझियम सेमिनोल ट्राइबचं स्वतःचं आहे, १९९७ साली उघडलं. नावाचा अर्थ 'शिकण्याची जागा'. फोर्ट लॉडरडेलकडून आलात तर आय-७५ वर, म्हणजे 'ॲलिगेटर ॲली'वर, एक्झिट ४९ घ्या आणि उत्तरेकडे साधारण १७ मैल जा. त्या एक्झिटलाच पेट्रोल भरून घ्या आणि नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा. म्युझियमच्या मागे सायप्रसच्या झाडीतून जाणारा लाकडी रस्ता आहे. त्या वाटेवरच्या गावात कधी कधी कारागीर बसलेले असतात. तिथे एक दुपार घालवलीत की खोटी बाहुली पुढे तुम्हाला लांबूनच कळेल.

विकत घेण्यासाठी म्युझियमचं दुकान आहेच. शिवाय टामियामी ट्रेलवर, मायामीच्या पश्चिमेला मिकोसुकी वस्ती आहे आणि रस्त्याकडेला कुटुंबांची छोटी दुकानंही आहेत. हॉलिवूड (फ्लोरिडातलं) आणि ब्रायटन इथल्या रिझर्व्हेशनांवर ट्राइबच्या जत्रा भरतात, त्या बहुतेक हिवाळ्यात, हवा बरी असताना. तारखा दरवर्षी बघून घ्याव्या लागतात. माझं मत विचाराल तर जत्राच उत्तम, कारण तिथे करणारी बाई स्वतः समोर बसलेली असते.

एक सूचना. दुकानात विचारताना 'इंडियन डॉल' म्हणू नका. आपल्या तोंडून तो शब्द आला की समोरच्याचा गोंधळ होतो आणि आपलाही. 'सेमिनोल' किंवा 'मिकोसुकी' असं नाव घेऊनच विचारा.

४. विकत घेताना

ही पायरी मी स्वतः चुकवली, म्हणून तुम्हाला बजावून सांगते. पैसे देण्याआधी एवढं विचारा:

– ही कोणी केली? पूर्ण नाव, आणि नावाचं स्पेलिंग.
– त्या कोणत्या ट्राइबच्या, कुठल्या रिझर्व्हेशनवरच्या?
– साधारण कोणत्या वर्षी केली?
– घागऱ्यावरच्या नक्षीला काय म्हणतात?
– आत काय भरलं आहे?

करणारी समोर असेल तर सांगते. पुष्कळदा आनंदाने सांगते: आई कशी करत असे, पाल्मेटो कुठून आणला. ती सांगेल तेवढं ऐका. तिचं कूळ कोणतं, घरचे विधी काय, हे खोदून विचारू नका, तो तिचा खासगी भाग आहे. फोटो काढायचा असेल तर आधी परवानगी घ्या, आणि नको म्हणाली तर फक्त बाहुलीचा काढा.

भाव करू नका. 'या लोकांचे तर कॅसिनो आहेत' असं आपल्याच लोकांना म्हणताना मी ऐकलं आहे. ट्राइबचे उद्योग वेगळे आणि एका बाईचे बाहुली शिवण्यात गेलेले दिवस वेगळे. किंमत उंचीवर, पॅचवर्कच्या बारीकपणावर आणि मण्यांवर ठरते. मोठी परवडत नसेल तर छोटी घ्या, चार बोटांच्याही मिळतात.

हे कागद सोबत घेऊनच निघा:

– पावती. तिच्यावर 'डॉल' एवढंच नको. 'हाताने केलेली, सेमिनोल (किंवा मिकोसुकी)' आणि कारागिराचं नाव लिहून घ्या.
– बाहुलीला जोडलेलं कार्ड किंवा चिठ्ठी असेल तर ती. फाडू नका, बाहुलीपासून वेगळी करून पाकिटात ठेवा.
– त्याच दिवशी काढलेले फोटो: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, चेहरा जवळून, बैठक खालून.

कायदाही माहीत असू द्या. १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्टनुसार, मूळनिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे. वस्तूंची किंमत १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल, तर पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीला २,५०,००० डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. १९३५ नंतर केलेल्या वस्तूंना हा कायदा लागू आहे. 'सेमिनोल स्टाइल' असं लिहिलेलं दिसलं की थांबा. तो शब्द बहुतेक वेळा याच कायद्यातून अंग काढून घेण्यासाठी वापरलेला असतो.

५. जुनी बाहुली घेत असाल तर

लिलाव, घरसामानाची विक्री, ऑनलाइन बाजार इथे जुन्या बाहुल्या येतात. बहुतेक बेनाव. इथले सापळे वेगळे आहेत.

पहिला सापळा वयाचा. '१९२०च्या दशकातली' असं सांगून मला एकदा एक बाहुली दाखवली. घागऱ्याला चकचकीत पॉलिस्टर होतं. पॉलिस्टर कपड्यांत आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे एक तर बाहुली नंतरची, नाही तर तिचे कपडे नंतर बदललेले. घागऱ्याला भरपूर झिगझॅग लेस असेल तरी ती फार जुनी असण्याची शक्यता कमीच. अतिनील टॉर्च टाकल्यावर कापड निळसर चमकलं, तरी लगेच निष्कर्ष काढू नका. आधुनिक दोऱ्याने चमकतं तसं नंतर डिटर्जंटमध्ये धुतल्यानेही चमकतं. आणि धागा जाळून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

दुसरा सापळा: डोक्यावर पीस, अंगात चामड्यासारखा पोशाख, प्लॅस्टिकचा चेहरा अशी कारखान्यात केलेली बाहुली 'सेमिनोल' म्हणून विकणं. सेमिनोल पोशाख सुती कापडाचा आणि पट्ट्यांचा आहे, हे तुम्ही म्युझियममध्ये बघून आलेला असाल, तर ती तुम्हाला फसवू शकणार नाही.

तिसरा सापळा आरोग्याचा. जुन्या संग्रहांतल्या वस्तूंना कीड लागू नये म्हणून पूर्वी आर्सेनिकसारखी विषारी द्रव्यं लावत. एखाद्या जुन्या संग्रहातून आलेली, पांढरट पूड दिसणारी किंवा उग्र वासाची बाहुली मिळाली, तर नायट्राइलचे (डॉक्टर वापरतात तसे, रबरासारखे) हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा आणि आधी जाणकाराला दाखवा.

मणी चिकट लागत असतील किंवा त्यांच्यावर पांढरा थर असेल, तर काच आतून बिघडायला लागलेली असते. अशी बाहुली घ्यायलाच हवी असं नाही. घेतलीत तर ते मणी ओल्या फडक्याने पुसत बसू नका.

६. घरी आणल्यावर लगेच कपाटात नको

नवी असो की जुनी, पहिले दोन-तीन आठवडे ती पारदर्शक पिशवीत, तोंड बंद करून, खाली पांढरा कागद ठेवून वेगळी ठेवा. रोज कागद बघा. बारीक भुसा, काळे कण, सालपटं पडली असतील तर आत किडा आहे. पाल्मेटो हा वनस्पतीचा धागा, आत कापूस, खाली पुठ्ठा. कसर आणि भुंगेरे यांना याहून चांगली जागा मिळत नाही.

७. स्वच्छता

धुवायची नाही. कितीही मळलेली असली तरी. पाणी लागलं की लाल आणि काळा रंग शेजारच्या पांढऱ्या-पिवळ्या पट्टीत उतरतो, पुठ्ठ्याची बैठक फुगते, आणि वाळल्यावर पाल्मेटोचा धागा कडक होऊन तुटतो. ड्राय-क्लीनिंग, सेंट, फर्निचरचा स्प्रे यांतलं काहीही नाही.

लागणारं साहित्य फार थोडं: मऊ केसांचा चित्रकलेचा ब्रश, कमी जोरावर चालणारा व्हॅक्यूम, आणि त्याच्या तोंडाला बांधायला नायलॉनची जाळी. ब्रशने धूळ हळूच नळीकडे ढकलायची, नळी बाहुलीला टेकवायची नाही. जाळी असल्याने सुटलेला मणी आत जात नाही. वर्षातून एकदा पुरे. रोज फडकं मारलंत तर धागे विस्कटतात.

उचलताना दोन्ही हातांनी, एक हात बैठकीखाली आणि एक पाठीशी. डोकं, केस, माळा यांना धरायचं नाही. सुती हातमोजे घालू नका, त्यांचे तंतू पाल्मेटोत अडकतात. स्वच्छ, कोरडे हात चालतात, क्रीम लावलेले चालत नाहीत. नायट्राइलचे मोजे सगळ्यांत बरे.

८. ठेवायची कशी

उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, हे माझ्या पहिल्या बाहुलीने मला शिकवलं. म्युझियममध्ये कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. ही डोळ्यांना अंधुक वाटणारी खोली असते. घरात एवढं जमत नाही, पण ऊन लागणारी भिंत टाळता येते आणि बाहुल्या आलटून पालटून मांडता येतात. मी वर्षातले चार महिने एक बाहेर ठेवते, बाकी डब्यात.

देवघराजवळ ठेवू नका. समईची आणि उदबत्तीची काजळी तेलकट असते, ती कापडात बसली की ब्रशने निघत नाही. स्वयंपाकघराच्या दारासमोरही नको, फोडणीचा धूर तेच करतो. काचेच्या कपाटात ठेवणार असाल तर आत बल्ब नको.

हवेतला दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर उत्तम. ६५ च्या वर बराच काळ गेला की बुरशी धरते. वीस-पंचवीस डॉलरच्या आत साधा हायग्रोमीटर मिळतो, तो कपाटात ठेवा. फ्लोरिडात उन्हाळ्यात गावाला जाताना एसी पूर्ण बंद करून जाणं ही बाहुलीच्या दृष्टीने सर्वांत वाईट गोष्ट. गॅरेज आणि माळा तर नकोच.

डब्यासाठी:

– ॲसिड-फ्री पुठ्ठ्याचा डबा, बाहुलीपेक्षा चार बोटं मोठा
– ॲसिड-फ्री टिश्यू, 'अनबफर्ड' (म्हणजे क्षार न मिसळलेला) लिहिलेला
– आत अस्तराला बिनब्लीचचं, खळ नसलेलं, साध्या पाण्यात धुतलेलं मलमल
– नाव लिहिण्यासाठी सुती फीत आणि पेन्सिल

टिश्यूचे बोळे करून घागऱ्याच्या आतून आधार द्या, म्हणजे घड्या पडत नाहीत. माळांखाली एक पट्टी सरकवा. बैठक मजबूत असेल तर उभी ठेवा आणि भोवती टिश्यूचं कडं करा. डोकं जड होऊन झुकत असेल तर पाठीवर निजवा. वर्तमानपत्र, बटर पेपर, चकचकीत प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबरबँड, टाचण्या आणि चिकटपट्टी यांतलं काहीही डब्यात नको. टाचण्या गंजतात, चिकटपट्टीचा गोंद धाग्यात झिरपतो.

आणि डांबराच्या गोळ्या. आपल्याकडे शालू-पैठणीच्या घडीत त्या घालायची सवय पिढ्यान् पिढ्यांची, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. घालू नका. नॅफ्थलीनची वाफ प्लॅस्टिकच्या मण्यांना आणि बटणांना बिघडवते, वास जन्मभर जात नाही आणि माणसांनाही ती बरी नाही. कडुनिंबाचा पाला आणि लवंगा यांचे डाग पडतात, आणि कापूरही नको.

जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. त्या काळात डबे जमिनीवर ठेवू नका. इशारा आला की झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीत घालून घरातल्या उंच, आतल्या कपाटात ठेवा. वीज परत येऊन हवा कोरडी झाली की पेटी उघडा, बंद राहिली तर आत दमट होतं.

९. कीड दिसली तर

औषध फवारू नका. बाहुली टिश्यूत गुंडाळून दोन पिशव्यांत हवा काढून सीलबंद करा आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये, म्हणजे साधारण उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. उघडलीत तर थंड बाहुलीवर बाहेरचं पाणी धरतं. बाहुली ओलसर असेल, मणी चिकट असतील किंवा ती लाकडी असेल, तर हा प्रयोग घरी करू नका, वस्त्रजतन करणाऱ्या जाणकाराला गाठा.

१०. भारतात नेताना

सामानात टाकू नका, हातात न्या. बैठकीला आधार देणारा छोटा डबा करा. पावती वरच्या खिशात ठेवा, आणि कस्टम्सने विचारलं तर वाळवलेल्या वनस्पतीच्या धाग्याची हस्तकला आहे हे सरळ सांगा. आयातीचे नियम आणि सवलतीची मर्यादा निघण्यापूर्वी बघून घ्या, ती बदलत राहते.

मुंबई आणि कोकणातला पावसाळा पाल्मेटोला झेपत नाही. जूनपासून चार महिने बाहुली झाकणबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या आणि हायग्रोमीटर. जेल बाहुलीला टेकू देऊ नका आणि रंग बदलला की बदला. पुण्यात, नाशिकला तुलनेने सोपं जातं, पण बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट तिथेही टाळाच.

११. नोंद

माझ्याकडे आज पाच बाहुल्या आहेत. प्रत्येकीला क्रमांक आहे, तो सुती फितीवर पेन्सिलने लिहून घागऱ्याच्या आत सैल बांधला आहे. बाहुलीवर स्टिकर लावायचा नाही, शाई वापरायची नाही. त्याच क्रमांकाचं एक पान वहीत असतं: कारागिराचं नाव, ट्राइब, रिझर्व्हेशन, कधी व कुठे घेतली, किंमत, उंची, आत काय, नक्षीचं नाव, घेताना कुठे काय बिघडलं होतं, आणि तिने सांगितलेली गोष्ट तिच्याच शब्दांत. पुढे काही दुरुस्ती झाली तर तारखेसह तीही.

नाव माहीत नसेल तर 'कारागीर अज्ञात' असं लिहा, अंदाजाने कोणाचं नाव लावू नका. बाहुलीचे स्पष्ट फोटो आ-ता-थि-कीसारख्या ट्राइबच्या म्युझियमला पाठवून विचारता येतं. तिथल्या संग्रहातल्या बाहुल्यांशी ताडून काही कळलं तर ते वहीत उतरवा. माझ्या पहिल्या बाहुलीबद्दल मी विचारलं होतं. नाव कळलं नाही. पान क्रमांक एकवर ती जागा मी कोरी ठेवली आहे.

वहीची एक प्रत डब्यांसोबत आणि एक मुलांकडे ठेवा. आपल्यानंतर घरात कोणाला या बाहुल्या नको असतील, तर त्या आधी कोणाला विचारायच्या हेही पहिल्याच पानावर लिहा. माझ्या वहीत तिथे ट्राइबच्या म्युझियमचं नाव आहे, आणि त्याखाली ज्या तीन बायकांनी स्वतःच्या हाताने मला बाहुल्या दिल्या त्यांची नावं, त्यांनी स्वतः लिहून दिलेल्या स्पेलिंगमध्ये.